आण्णांच्या यादीतलं उचगाव

आमच्या कारखान्यात गगनबावडा रोज सकाळी नऊला चालू होतो आणि संध्याकाळी साडेसहाला बंद. राधानगरी मध्येच अडकते, आजरा जुना असला तरी तक्रार करत नाही, आणि गेल्या उन्हाळ्यात कागलच्या पंख्यात पाल सापडली होती. नवीन आलेला माणूस हे ऐकून बावचळतो. मग त्याला बाजूला घेऊन सांगावं लागतं की ही गावं नाहीत, ऑफिसातले कॉम्प्युटर आहेत. त्यांची नावं दिनकर पोवार यांनी ठेवलीत. दिनकर पोवार म्हणजे आण्णा. हे नाव मात्र कारखान्याने ठेवलं.

शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. पंपाची आणि ट्रॅक्टरची बिडाची कास्टिंग आम्ही ओततो. त्यांची सगळी ड्रॉइंग एकाच मोठ्या मशीनवर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवलेली असतात. बाकीची मशीनं तिथलं फोल्डर आपल्याच घरातलं कपाट असल्यासारखं उघडतात. कुठल्या मशीनला कुठलं कपाट उघडू द्यायचं, नुसतं वाचू द्यायचं की आत बदलही करू द्यायचा, याची एक यादी सर्व्हरवर असते. यादीत नसलेल्या मशीनला दार बंद. अशी यादी जगभर सगळीकडे असते म्हणे. पण आण्णांसारखी ती दुसरं कुणी लिहीत असेल असं मला वाटत नाही.

मी नोकरीला लागले त्या दिवसाचं सांगते. मी शाहूवाडी तालुक्यातली. शाळा मलकापूरला, पदवी कोल्हापुरात हॉस्टेलवर राहून. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, त्यामुळे सगळी प्रमाणपत्रं प्लॅस्टिकच्या फायलीत घालून छातीशी धरून गेले होते. सर्व्हरच्या खोलीत एसी चोवीस तास चालतो. त्या खोलीत भर मे महिन्यात कानटोपी घातलेला एक माणूस बसला होता. त्याने फायलीकडे बघितलंही नाही.

"गाव?"

"शाहूवाडी तालुका, सर."

"सर न्हाय, आण्णा. काय पिकतंय?"

"भात."

"कुठलं?"

"इंद्रायणी. थोडं घरच्यापुरतं जुनं बी हाय."

घाबरले की माझ्या तोंडून गावाकडचं निघतं. आण्णा खूश झाले. झाली मुलाखत. त्यांनी यादी उघडली, एका नव्या ओळीत इंग्रजी अक्षरांत 'शाहूवाडी' असं टाइप केलं, पुढे मशीनचा पत्ता घातला, ड्रॉइंगच्या फोल्डरचं नाव घातलं आणि 'फक्त वाचायला' अशी खूण केली. त्याच्या वरच्या ओळीत एक चिन्ह टाकून मराठीत लिहिलं, 'कारण: नवीन पोरगी. भाताकडची. दमानं घेणारी दिसते.'

"ह्या चिन्हापुढचं सर्व्हर वाचत न्हाय," ते म्हणाले. "ते माणसासाठी असतंय."

प्रत्येक ओळीला असं कारण होतं. 'कागल. डिझाइनची. लिहायला दिलंय. चूक झाली तर स्वतः येऊन सांगते.' 'राधानगरी. चुकार हाय पण हात चांगला.' मी महिनाभर ती यादी नुसती वाचत होते. कॉलेजात मला नेटवर्क शिकवलं होतं, त्यात हे काहीच नव्हतं.

मशीनला माणसाचं नाव न देता गावाचं का देता, असं मी एकदा विचारलं.

"माणसाचं काय, आज हितं, उद्या चाकणला. गाव ऱ्हातंय."

म्हणजे मशीनवर पहिल्यांदा जो बसला त्याचं गाव मशीनला लागायचं, आणि तो गेल्यावर जो येईल त्याला ते आपोआप चिकटायचं. पर्चेसला लोंढे नावाचे गृहस्थ आले, पक्के सोलापूरचे. त्यांच्या वाट्याला गगनबावडा आला. जुलै उजाडला की आण्णा दारातूनच ओरडायचे, "काय गगनबावडा, पाऊस काय म्हणतोय?"

"आण्णा, मी सोलापूरचा आहे."

"असशील. बसलायस कुठं?"

तीन पावसाळे हे चाललं. आता लोंढे सकाळी मोबाईलवर गगनबावड्याचा पाऊस बघूनच ऑफिसात येतात. परवा तर मला म्हणाले, "आमच्याकडं काल लई झाला."

याच लोंढ्यांनी सुरुवातीला एक हुशारी केली होती. ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये त्यांना काहीतरी बदलायचं होतं आणि सर्व्हर देईना. ते तावातावाने सर्व्हरच्या खोलीत आले आणि म्हणाले, "माझ्या लॅपटॉपवर मी अ‍ॅडमिन आहे, सगळे अधिकार मला आहेत, तरी हा मला अडवतो!"

आण्णांनी कानटोपी नीट केली. "तुझ्या मशीनचा तू पाटील. हितं आलास की पावणा. पावण्यानं चा घ्यायचा, गप्पा मारायच्या. माजघरात शिरायचं न्हाय."

मला वाटलं आण्णा नेहमीसारखे फटकळ बोलले. नंतर लक्षात आलं की त्यांनी एक अख्खा नियम सांगितला होता. दुसऱ्या मशीनवरचा मालकसुद्धा सर्व्हरवर साधा पाहुणा म्हणूनच धरायचा, हे पुस्तकात मी दोन पानं वाचलं होतं आणि मला कळलं नव्हतं.

पण आण्णांचा एक राग होता. सर्व्हर मशीनचा पत्ता बघतो, त्यापुढे बसलेला माणूस बघत नाही, हे त्यांना कधी पटलं नाही. "ह्यो गडी दार बघतोय, दारात कोण उभा हाय ते बघत न्हाय. ते मलाच बघाय लागतंय." म्हणून कुणालाही परवानगी देण्याआधी ते त्याच्या टेबलाशी जाऊन बसायचे. मुलं किती, आई कुठे असते, गुडघे दुखतात का. लोक वैतागायचे. एक परवानगी द्यायला अर्धा तास लागतो, अशी तक्रार मालकांपर्यंत गेली. मालक म्हणाले, "आण्णांना सांगायचं कुणी?" कुणीच सांगितलं नाही.

माझी एक चूक इथे सांगितली पाहिजे. पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे साच्यांचे नमुने बनतात तिथे, नवीन मशीन बसवलं आणि त्याला ड्रॉइंग दिसेनात. आण्णा त्या दिवशी रजेवर होते. बाहेर लोक खोळंबलेले. मी घाबरून यादीत त्या मशीनच्या नावाऐवजी एक फुली टाकली. त्या फुलीचा अर्थ 'सगळ्यांना'. आणि वाचायला-लिहायला दोन्ही. पॅटर्न शॉप लगेच चालू झालं, सगळ्यांनी माझं कौतुक केलं, मी संध्याकाळी आईला फोन करून सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पंपाच्या केसिंगचं, म्हणजे बाहेरच्या कवचाचं, अख्खं फोल्डर नाहीसं झालं. दुपारपर्यंत आम्ही शोधत होतो. शेवटी ते गेटवर सापडलं. गेटवरच्या शिंदेमामांकडे आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांची नोंद करायला एक मशीन असतं. तिथे अचानक एक नवीन कपाट दिसायला लागलं, ते मामांनी उघडलं, आणि माऊस हातातून घसरून केसिंगचं फोल्डर 'विटांच्या गाड्या' या फोल्डरमध्ये जाऊन पडलं. मामा शपथेवर सांगत होते, "म्या काय बी केलं न्हाय, त्येच आत आलं."

मी खोलीत जाऊन रडत बसले. आण्णांनी फोल्डर जागच्या जागी ठेवलं, फुली काढली, मालकांपुढे अवाक्षर काढलं नाही. मला एवढंच म्हणाले, "चूल सगळ्या गावाला मोकळी करून दिलीस. बरं, मामाच आलं. दुसरं कोण आलं असतं तर?" आणि माझ्या ओळीवर नवीन कारण लिहिलं, 'शाहूवाडी. एकदा चुकली. आता चुकणार न्हाय.' त्याच दिवशी त्यांनी मला यादीत लिहायचा अधिकार दिला. मला आजही कळलेलं नाही की हे त्यांनी त्याच दिवशी का केलं. माझ्या वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्या माणसाला कधीतरी घरला आण."

आण्णा आले नाहीत. ते कुणाकडेच जात नसत. उचगावला त्यांचं दोन खोल्यांचं घर. मूलबाळ नाही. बायको, आमच्या मालनकाकू, होत्या तोवर डब्यात खर्डा-भाकरी असायची आणि आम्हा सगळ्यांना चतकोर मिळायची. काकू गेल्या, त्यानंतर आण्णा कॅन्टीनमध्ये जेवायला लागले. तिथेही सगळ्यांना 'वाढ की पावण्याला' म्हणत हिंडायचे. आम्हाला वाटायचं, माणूस सावरला.

यंदा आण्णांच्या निवृत्तीला पंधरा दिवस उरले असताना पुण्याहून आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाचे ऑडिटर आले. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज, प्रत्येक वाक्याला 'बरोबर?' त्यांच्या येण्याला एक कारण होतं. त्यांच्या पंपाच्या केसिंगसारखंच केसिंग दुसऱ्या एका फाउंड्रीत ओतलं जातंय, अशी कुजबुज होती. ड्रॉइंग आमच्याकडून बाहेर गेलं का, हे त्यांना बघायचं होतं. बाहेर गेलं असेल तर ऑर्डर बंद.

त्यांनी यादी मागितली. आण्णा डॉक्टरकडे गेले होते, म्हणून मी दाखवली. ऑडिटर ओळ न् ओळ वाचत होते. 'चुकार हाय पण हात चांगला' इथे त्यांनी चष्मा काढून पुसला. मग शेवटच्या ओळीवर थांबले.

"हे उचगाव कोणतं मशीन?"

मी वाचलं. 'उचगाव. आण्णाच्या घरचं. कारण: महापूर. हायवे बंद. पाणी उतरेपर्यंत.'

त्या पुराच्या वर्षी शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं होतं आणि आण्णांना कारखान्यात पोचता येईना, तेव्हा मालकांनीच त्यांच्या घरच्या मशीनला आत यायची वाट करून दिली होती. मी तसं सांगितलं.

"बरोबर. आणि पाणी उतरलं?"

पाणी उतरून काही वर्षं झाली होती. ऑडिटरांनी सर्व्हरची नोंद उघडायला सांगितली. उचगाव रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला जोडलं जात होतं आणि आठच्या सुमाराला सुटत होतं. रोज. रविवारी, सणावारी नाही. बाकी एकही दिवस चुकलेला नाही.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "आण्णांना विचारायला माझी जीभ रेटत न्हाय. माझ्या वडलांच्या वेळचा माणूस. पण उद्या दुपारपर्यंत ऑडिटरला कायतरी लिहून द्यावं लागंल. तू बघ, शुभांगी. काय निघंल ते पहिल्यांदा मला सांग."

आण्णा चोर नाहीत हे मला माहीत होतं. पण मला माहीत असणं आणि कागदावर दाखवता येणं यात फरक असतो, हे आण्णांनीच शिकवलं होतं. ती सगळी दुपार मी नोंदी चाळत बसले. उचगावने काय काय उघडलं? केसिंगचं फोल्डर? नाही. दुसरं कुठलं? नाही. काही कॉपी केलं? नाही. मी पुन्हा मागे गेले, अगदी पुराच्या महिन्यापर्यंत. पूर होता तेव्हाची चार-सहा ड्रॉइंग सोडली तर उचगावने एकही फाईल उघडली नव्हती. रोज दोन तास जोडायचं, आणि काहीच करायचं नाही. मला हायसं वाटलं आणि लगेच जास्त कोडं पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सर्व्हरच्या खोलीत गेले. आण्णा कानटोपीत.

"आण्णा, उचगाव."

"कळलं मला. लोंढ्यानं सांगटलं. बोल."

"रोज जोडलं जातंय."

"जातंय की."

"फाईल एकबी उघडलेली न्हाय."

"कशाला उघडू? ड्रॉइंगं काय मला नवी हाईत?"

"मग जोडता कशाला?"

आण्णांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचे केस एवढे पांढरे झालेत हे मी पहिल्यांदाच बघितलं.

"बघायला."

"काय?"

"कोण कोण हाय ते." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. कुठली मशीनं या घडीला जोडलेली आहेत त्यांची नावं ओळीने दिसत होती. कागल, आजरा, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी. "मी साडेपाचला घरला जातो. मग हे लावून बसतो. साडेसहाला गगनबावडा जातोय. पावणेसातला राधानगरी, सातपतोर थांबायचं असतंय पण त्यो चुकारच हाय. सातला कागल. आजरा उशिरा सुटतोय, त्यो आठला. एकेक नाव जातंय. सगळी गेली की उठतो, ताट वाढून घेतो."

मी स्क्रीनवरची नावं पुन्हा एकदा वाचली.

"मालन थांबायची की माझ्यासाठी. कितीबी उशीर होऊ दे, मी आल्याबिगर ताटावर बसायची न्हाय. मी ओरडायचो तिला. आता कुणाची तरी वाट बघितल्याबिगर मलाच घास उतरत न्हाय. हिकडं कॅन्टीनला तुमी असता, हितलं चालतंय. रातचं न्हाय चालत." ते स्क्रीनकडे बघत होते. "पाणी उतरलं तवाच ती ओळ काढायची हुती. त्याच महिन्यात ती गेली. मग ऱ्हायलं."

मी म्हणाले, "आण्णा, कारण बदलूया. 'देखभालीसाठी' असं लिहिते. पंधरा दिवसांचा तर प्रश्न हाय. ऑडिटर काय बोलायचे न्हाईत."

आण्णा एकदम ताठ झाले. "खोटं कारण? माझ्या यादीत?"

"खोटं कुठं..."

"खोटंच की! कारण संपलं, ओळ संपली. बस हितं. तूच काढ."

"मी न्हाय काढणार."

"मग कोण, ती पाल काढणार व्हय?" त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मागे उभे राहिले. नवीन मुलीला शिकवतात तसं एकेक सांगायला लागले. ओळ पुसायची नाही, तिच्यापुढे ते चिन्ह टाकायचं, म्हणजे सर्व्हर ती वाचणार नाही पण माणसाला दिसेल. मग यादी सर्व्हरला पुन्हा वाचायला लावायची. मग खात्री करायची. आणि काढायचं कारण लिहायचं.

"काय लिहू?"

"लिही. पाणी उतरलं."

मी लिहिलं. दुपारी ऑडिटरांना नोंदी दाखवल्या. त्यांनी दोनदा तपासून, "काहीच उघडलेलं नाही, बरोबर?" असं विचारलं आणि सही केली. ते केसिंग कसं बाहेर गेलं तेही पुढे आठवड्याभरात कळलं. गिऱ्हाइकाच्याच पर्चेसने दर पाडायला दोन्हीकडे ड्रॉइंग पाठवलं होतं. याबद्दल कुणी आण्णांची माफी मागितली नाही, कारण आण्णांवर संशय होता हे उघडपणे कुणी बोललंच नव्हतं.

राहिलेले पंधरा दिवस आण्णा कारखान्यातच आठपर्यंत बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "चार्ज द्यायचा हाय, काय सोपं हाय व्हय?" चार्ज दोन दिवसांत देऊन झाला होता. शेवटच्या दिवशी फेटा, शाल, नारळ झाला. लोंढ्यांनी भाषण केलं आणि भाषणात स्वतःला गगनबावडेकर म्हणवून घेतलं. आण्णांनी उत्तरादाखल एवढंच सांगितलं की एसीचं पाणी गळतंय, बघून घ्या.

त्यानंतरच्या सोमवारी मी सर्व्हरच्या खोलीत माझ्या मशीनशी मुद्दाम थांबले. साडेसहाला गगनबावडा गेला. मग राधानगरी. मग कागल. आठला पाच मिनिटं असताना आजऱ्याचं नाव गेलं आणि यादीत माझं एकटीचं उरलं. त्या खोलीत एवढी थंडी असते हे मला आधी जाणवलं नव्हतं. मी फोन लावला.

"कोण?"

"आण्णा, मी शाहूवाडी."

"काय झालं? सर्व्हर पडला?"

"न्हाय, न्हाय. सांगायला केला. गगनबावडा वेळेवर गेला. कागल सातला. आजरा आत्ताच गेला."

पलीकडून आण्णांचा नेहमीचा चढा आवाज आला, "कारखान्याच्या आतलं बाहेरच्या माणसाला फोनवर सांगतीस? हेच शिकवलं व्हय गं तुला?"

"चुकलं, आण्णा."

"चुकलं म्हणं." आणि लगेच विचारलं, "राधानगरी?"

"पावणेसातला."

"सुधारायचा न्हाय त्यो." मग हळू आवाजात म्हणाले, "आणि तू गं? तुझं चालूच असंल अजून."

"करते आता बंद."

"कर की मग. फोन ठिवू नगंस. थांबतो मी."

मी बटण दाबलं. माझ्या मशीनच्या पंख्याचा आवाज हळूहळू कमी होत गेला आणि थांबला.

"झालं, आण्णा."

"बरं," ते म्हणाले. पलीकडे खुर्ची सरकली, आणि थोड्या वेळाने ताट ठेवल्याचा आवाज आला.